लोकमान्य टिळक : आशा-निराशेच्या पलीकडील दृष्टी

आशावाद, निराशावाद आणि वास्तववाद हे तिन्ही शब्द आपल्या भाषेत इंग्रजी विद्येबरोबर आले. परंतु त्यांच्या पाठीमागील मनोवृत्ती काही नव्या नाहीत. मठात नित्य येणाऱ्या भाविकांचे बोलणे कोणी लक्षपूर्वक ऐकले, तर त्यात दोन सूर हटकून सापडतात. एक म्हणतो की, परमेश्वर पाठीशी आहे, तेव्हा सर्व काही ठीकच होणार. दुसरा म्हणतो की, संसार मुळातच दुःखरूप आहे, तेव्हा कशातही जीव गुंतविण्यात अर्थ नाही. पहिला आपल्या आशेस श्रद्धा म्हणतो, दुसरा आपल्या निराशेस वैराग्य म्हणतो, आणि दोघेही आपण परमार्थाच्याच वाटेवर आहो अशा समजुतीत असतात. या दोन्ही समजुतींची ज्याने आपल्या आयुष्यात आणि आपल्या ग्रंथात कसून तपासणी केली, अशा एका पुरुषाचे चरित्र या स्मृतिग्रंथासाठी लिहावे असे मनात आले. ते पुरुष म्हणजे लोकमान्य बाळ गंगाधर टिळक होत.

मठाच्या ग्रंथात एका गृहस्थाश्रमी राजकारणी पुरुषाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांस पडेल. शिवाय ज्ञानोत्तर कर्मसंन्यासाविषयी टिळकांनी पूज्य आचार्यांच्या मताहून भिन्न मत मांडले, हेही जाणत्यांस ठाऊक आहे. तथापि पूर्वपक्ष नीट समजून घेतल्यावाचून सिद्धान्त मांडू नये, ही तर पाठशाळेतील पहिलीच शिस्त होय. त्या शिस्तीनेच हे चरित्र वाचावे, एवढी विनंती आहे.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीस झाला. त्यांचे घराणे दापोलीजवळील चिखलगावचे. वडील गंगाधरपंत हे शिक्षक असून संस्कृत आणि गणित या दोन्ही विषयांत त्यांची गती चांगली होती. मुलाने या दोन्ही गोष्टी वडिलांकडूनच उचलल्या. १८६६ साली कुटुंब पुण्यास आले आणि लवकरच आई पार्वतीबाई निवर्तल्या. पुढे १८७२ साली गंगाधरपंत अंथरुणास खिळले. त्या अखेरच्या दुखण्यात भगवद्गीतेवरील एक प्राकृत टीका वडिलांस वाचून दाखविण्याचे काम सोळा वर्षांच्या बाळकडे आले. मरणोन्मुख पित्याच्या उशाशी बसून वाचताना त्याच्या मनात जी शंका उभी राहिली, ती पुढे जन्मभर त्याच्या पाठीस लागली. रणांगणावर हातपाय गाळून बसलेल्या वीरास लढावयास उठविण्यासाठी जी गीता सांगितली, तिच्यात केवळ मोक्षाचे साधन म्हणून ज्ञानाचे किंवा भक्तीचे विवेचन कसे काय? मूळ प्रसंग एक आणि टीका दुसऱ्याच दिशेने जाणारी, ही विसंगती त्या कोवळ्या वयातही त्याच्या नजरेतून सुटली नाही. त्याच वर्षी पिता गेला. विवाह आदल्याच वर्षी झाला होता.

डेक्कन कॉलेजात त्यांनी पहिले वर्ष जवळजवळ तालमीतच काढले. आपला देह दुर्बल आहे आणि या देहाने पुढचे आयुष्य निभावणार नाही, हे त्यांनी ओळखले आणि एक वर्ष त्यासाठी सरळ खर्ची टाकले. परीक्षा गेली, परंतु शरीर कमावले गेले. हा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढे मंडाल्याच्या तुरुंगात तो उपयोगी पडला. गणित विषय घेऊन ते पहिल्या वर्गात बी. ए. झाले आणि नंतर त्यांनी कायद्याची परीक्षा दिली. १ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकरांबरोबर न्यू इंग्लिश स्कूलची स्थापना, १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ व ‘मराठा’ यांचा आरंभ, १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात गोपाळराव आगरकरांसह डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८९० साली तिचा राजीनामा, हा सर्व इतिहास मराठी वाचकांस परिचित आहे. त्याचा विस्तार येथे करीत नाही.

ज्या गोष्टीकडे मला लक्ष वेधावयाचे आहे, ती त्यांची पाहण्याची रीत होय. ज्योतिषशास्त्रात दृक्प्रत्यय असा एक शब्द आहे. गणिताने काढलेला ग्रह प्रत्यक्ष आकाशात त्याच ठिकाणी दिसला पाहिजे, अशी ती कसोटी. पंचांगातील ग्रहण एका वेळी आणि आकाशातील दुसऱ्या वेळी होत असेल, तर दोष आकाशाचा नव्हे, पंचांगाचा. मग ते पंचांग कितीही जुन्या परंपरेचे असो. पंचांगशोधनाच्या चळवळीत टिळकांनी हीच बाजू घेतली. १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ओरायन’ ग्रंथात वेदांचा काळ ठरविताना त्यांनी मृगनक्षत्राच्या स्थितीचा आधार घेतला, तोही याच वळणाचा. आकाशाला लावलेली ही कसोटी त्यांनी माणसांच्या व्यवहारालाही लावली. निदान पुष्कळ ठिकाणी लावली.

१८९६ साली दुष्काळ पडला. अशा वेळी देवाचा कोप म्हणून स्वस्थ बसणे किंवा मायबाप सरकार काहीतरी करीलच म्हणून वाट पाहणे, या दोन वाटा लोकांस माहीत होत्या. टिळकांनी सरकारचाच दुष्काळाचा कायदा काढला, तो मराठीतून लोकांस समजावून सांगितला, आणि पीक बुडाले असता साऱ्याची तहकुबी व सूट मागणे हा भिक्षेचा नव्हे तर हक्काचा विषय आहे, हे सार्वजनिक सभेच्या माणसांकरवी खेडोपाडी कळविले. त्यापाठोपाठ पुण्यात प्लेग शिरला. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले. टिळक राहिले. त्यांनी हिंदू रुग्णांसाठी इस्पितळ उभारण्यात पुढाकार घेतला. लोकांनी रोग्यांस वेगळे ठेवावे असे ते सांगत आणि सोजिरांच्या झडत्यांतील जुलमाविरुद्ध लिहीतही असत. रोग खरा आहे आणि जुलूमही खरा आहे, ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी बोलावयास धैर्य लागते, कारण त्यामुळे दोन्ही पक्ष नाराज होतात.

२२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली. त्याच वर्षी राजद्रोहाच्या आरोपावरून टिळकांस १८ महिन्यांची शिक्षा झाली. मॅक्समुल्लरादि विद्वानांनी सुटकेसाठी अर्ज केला आणि ६ सप्टेंबर १८९८ रोजी ते सुटले. ही सुटका सशर्त होती. सुटकेनिमित्त होणाऱ्या सत्कारसमारंभांत भाग घ्यावयाचा नाही, आणि पुन्हा राजद्रोहाची शिक्षा झाल्यास उरलेले सहा महिने तीत मिळवावयाचे, अशा त्या अटी होत्या. टिळकांनी त्या पत्करल्या. मानी पुरुषाने अटी का पत्कराव्यात, असे कोणास वाटेल. परंतु त्या अटींनी त्यांचे काम अडत नव्हते. समारंभ तेवढे अडत होते. हे ध्यानात ठेवावे, कारण अकरा वर्षांनी याच मनुष्याने नेमके उलट केले.

मधल्या काळात ताई महाराज प्रकरणाच्या कोर्टकचेऱ्यांनी त्यांस ग्रासले असतानाच थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगने गेला. सांत्वनास आलेल्यांस त्यांनी, गावची होळी पेटते तेव्हा प्रत्येक घरातून गोवऱ्या जावयाच्याच, अशा आशयाचे उत्तर दिले अशी आठवण सांगतात. पुष्कळांस यात कठोरपणा दिसतो. मला तो तसा दिसत नाही. गावात प्रेते निघत असताना आपलेच घर वगळले जाईल अशी समजूत त्यांनी करून घेतली नव्हती, एवढेच त्यातून कळते.

आता मंडाल्याकडे वळू. मुझफ्फरपूरच्या बाँबनंतर ‘केसरी’त आलेल्या लेखांबद्दल २४ जून १९०८ रोजी टिळकांस पकडले. न्यायासनावर न्यायमूर्ती दावर होते. १८९७ साली टिळकांचा जामीन मागण्यासाठी उभे राहिलेले बॅरिस्टर ते हेच. टिळकांनी स्वतःची बाजू स्वतःच मांडली आणि ते एकंदर २१ तासांहून अधिक बोलले. ज्यूरीत सात विरुद्ध दोन असे मत पडले. २२ जुलैच्या रात्री सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. पुढे शिक्षा साध्या कैदेची झाली आणि सप्टेंबरात त्यांस ब्रह्मदेशात मंडाले येथे नेले.

त्यावेळी त्यांचे वय ५२ होते आणि मधुमेह जडलेला होता. खोली लाकडी फळ्यांची, त्यामुळे उन्हाळ्यात आग आणि हिवाळ्यात बोचरे वारे. भात वगैरे वर्ज्य करून ते सातूच्या पिठावर राहू लागले. स्वयंपाकास कुलकर्णी नावाचा एक मराठी कैदी दिलेला होता. अशा स्थितीत १९०९ च्या सुमारास, काही अटी मान्य केल्यास सुटकेचे पाहता येईल, अशी गोष्ट निघाली. यावर त्यांनी भाचे धोंडोपंत विद्वांस यांस जे कळविले, ते मला त्यांच्या सबंध चरित्रातील सर्वांत बोलके वाटते. त्यात ना ईश्वरावर भार टाकल्याची भाषा आहे, ना कपाळास हात लावल्याची. त्यात एक बेरीज-वजाबाकी आहे. वय ५३, घराण्यातील आयुर्मान आणि प्रकृती पाहता फार तर आणखी १० वर्षे, त्यांतील सुमारे ५ येथेच जाणार, म्हणजे मोकळेपणाने काम करावयास उरली ५. अटी पत्करून आज सुटलो तर ती पाचही गेली, कारण सार्वजनिक कार्यास बांधलेला मनुष्य जिवंत असून मेलेलाच. तेव्हा अटी नकोत, असा त्या हिशेबाचा निष्कर्ष.

वाचकहो, या ठिकाणी थोडे थांबावे. आशावाद्याने म्हटले असते की, लवकरच काही तरी घडेल आणि आपण सुटू. निराशावाद्याने म्हटले असते की, या वयात, या रोगात, येथून जिवंत परत जाणे नाही; मिळते ती सुटका घ्यावी. टिळकांनी स्वतःच्या मरणाचा आकडा न डगमगता मांडला, आणि तो मांडूनही त्यांचे पाऊल कर्माकडेच पडले. १८९८ च्या अटी पत्करणारा आणि १९०९ च्या नाकारणारा मनुष्य एकच होता. दोन्ही वेळा त्याने मानापमान बाजूस ठेवून एकच प्रश्न विचारला, की यात काम उरते किंवा नाही.

त्या खोलीत ते जर्मन, फ्रेंच आणि पाली भाषा शिकले. पुस्तके जमत जमत सुमारे ४०० झाली. शाईस परवानगी नव्हती, सुट्या कागदांसही नव्हती; बांधलेल्या वह्यांत, पाने मोजून दिलेली, शिसपेन्सिलीने लिहावयाचे. २ नोव्हेंबर १९१० ते ३० मार्च १९११ या पाच महिन्यांत त्यांनी ‘श्रीमद्भगवद्गीतारहस्य अथवा कर्मयोगशास्त्र’ हा ग्रंथ लिहून काढला. वडिलांच्या उशाशी उठलेल्या शंकेस ३८ वर्षांनी उत्तर मिळाले ते असे.

या ग्रंथाचे पाचवे प्रकरण सुखदुःखविवेकाचे आहे. पुष्कळ भाविक ग्रंथाचा आकार पाहूनच तो मिटून ठेवतात. त्यांनी निदान हे प्रकरण तरी वाचावे असे मी सुचवीन. संसारात सुख अधिक की दुःख अधिक, हा वाद टिळकांनी तेथे घेतला आहे. माणसे जगण्यास कंटाळून प्राण देत नाहीत, त्या अर्थी जगात सुखच अधिक असले पाहिजे, असा युक्तिवाद पाश्चात्त्य आशावादी करीत. टिळकांनी तो पोकळ ठरविला. जगण्याची ओढ आणि सुखाचे प्रमाण या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. दुसरीकडे जर्मन पंडित शोपेनहौर याचे प्रसिद्ध अपूर्णांकाचे गणित त्यांनी पुढे मांडले. प्रत्यक्ष भोगलेले सुख हा अंश आणि सुखाची इच्छा हा छेद. भोग वाढत जातात हे खरे, परंतु इच्छा त्याहून अधिक वेगाने वाढते. म्हणून अपूर्णांक पूर्णांकाकडे न जाता उलट लहानच होत जातो. गणिती टिळकांस हे उदाहरण आवडले असल्यास नवल नाही. त्यांनी त्याची सांगड आपल्या ययातीच्या कथेशी घातली. पुत्राचे तारुण्य मागून घेऊन भोगले तरी ज्याची तहान शमली नाही, तो राजा त्या अपूर्णांकाचाच दृष्टान्त नव्हे काय?

येथपर्यंत टिळक निराशावाद्याच्या बरोबर चालतात आणि येथेच त्याचा हात सोडतात. अपूर्णांक लहान होतो म्हणून संसार टाकावा, हा निष्कर्ष त्यांस मान्य नाही. छेद वाढतो तो फळाच्या आसक्तीने. कर्म करण्याने तो वाढत नाही. तेव्हा सोडावयाची ती आसक्ती. कर्म सोडण्याचे कारण नाही. असंतोष सर्वस्वी वाईट, हेही त्यांस पटत नाही. आहे त्या हीन स्थितीत सुख मानून पडून राहणे म्हणजे तृप्ती नव्हे, ते जडत्व होय. ज्ञान झाल्यावरही लोकसंग्रहासाठी कर्म चालूच ठेवले पाहिजे, हा त्यांचा पुढील सिद्धान्त याच पायावर उभा आहे. अद्वैत त्यांस मान्य होते. ज्ञान्याने कर्म सोडावे हे मान्य नव्हते. आम्हां मठाच्या शिष्यांस हा मतभेद लहान नाही. तो लपवून टिळकांस आपले म्हणणे बरोबर नाही, आणि तेवढ्यासाठी त्यांस परके लेखणेही बरोबर नाही. मला विचाराल तर, वैराग्याच्या नावाखाली ज्या आळसास आणि खिन्नतेस आपण थारा देतो, त्यांची बाजू खुद्द आचार्यांनीही घेतली नसती. बत्तीस वर्षांच्या अल्प आयुष्यात आसेतुहिमाचल भ्रमण करून भाष्ये रचणारा संन्यासी, असेच आचार्यांचे चरित्र परंपरा आपणांस सांगते.

ग्रंथ लिहून झाल्यावर त्याची परीक्षा व्हावयाची होती, ती ७ जून १९१२ रोजी झाली. पुण्यास सत्यभामाबाई निवर्तल्या. ४१ वर्षांचा संसार तारेच्या दोन ओळींनी संपला. त्यानंतर टिळकांनी घरी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. मी स्थितप्रज्ञ आहे, मला काही वाटले नाही, असे त्यांनी लिहिले नाही. संकटे शांतपणे सोसण्याची सवय असूनही या आघाताने आपण बरेच हादरलो, हे त्यांनी मोकळेपणी कबूल केले. शेवटच्या वेळी जवळ असता आले नाही याची खंत त्यांस सर्वांत अधिक होती. आणि लगेच पुढे मुलांनी शोकात वेळ न घालविता अभ्यास चालू ठेवावा अशी सूचना आहे. दुःख आहे त्याहून लहान दाखविणे हीदेखील एक प्रकारची खोटी आशाच असते. त्यांनी तसे केले नाही.

जून १९१४ मध्ये एका मध्यरात्री त्यांस पुण्यात आणून सोडले. वह्या सरकारजवळच राहिल्या. त्या परत मिळत नाहीतसे पाहून मित्रमंडळी काळजीत पडली. टिळकांनी मात्र त्यांस सांगितले की, वह्या सरकारकडे असल्या तरी मजकूर आपल्या डोक्यात आहे. सिंहगडावर जाऊन बसू आणि पुन्हा लिहू. सुदैवाने वह्या परत आल्या आणि १९१५ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला.

उरलेली वर्षे त्यांनी कशी घालविली, ते थोडक्यात सांगतो. १९१६ च्या एप्रिलात बेळगावास होमरूल लीग स्थापन झाली, वर्षअखेर लखनौस काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांचा करार घडून आला. षष्ट्यब्दीनिमित्त लोकांनी दिलेली एक लाखाची थैली त्यांनी राष्ट्रकार्यास वाहिली. चिरोलवरील दाव्यासाठी ते विलायतेस गेले आणि १९१९ साली दावा हरून कर्जाचा डोंगर घेऊन आले. त्याच वर्षीच्या सुधारणा अपुऱ्या आहेत, हे त्यांनी अमृतसरच्या काँग्रेसमध्ये स्पष्ट म्हटले. परंतु त्या झिडकारून न टाकता, मिळेल ते पदरात घ्यावे आणि राहिलेल्यासाठी झगडावे, हे प्रतियोगी सहकारितेचे धोरण त्यांनी पुढे ठेवले. जहाल म्हणून ज्यांची ख्याती, त्यांचे हे धोरण पुष्कळांस कोड्यासारखे वाटले. मंडाल्याचे ते पत्र वाचलेल्यास ते कोडे वाटणार नाही.

मात्र त्यांच्या दृष्टीस कोठेच पडदा नव्हता, असे म्हणणे चरित्रकारास शोभणार नाही. १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला. त्याने मुलींचे संमतिवय १० वरून १२ वर नेले. टिळकांनी त्यास विरोध केला. परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, हा त्यांचा मुद्दा होता. पण दहा वर्षांच्या मुलीच्या देहावर काय गुदरते, हा प्रश्न डोळ्यांनी पाहून सोडविण्याचा होता, आणि तेथे त्यांनी दृक्प्रत्ययाची कसोटी लावली नाही. आगरकरांनी ती लावली होती. स्नेह तुटला, तरी १८९५ साली आगरकर गेले तेव्हा ‘केसरी’तील मृत्युलेख टिळकांनीच लिहिला.

दमणगंगेच्या काठच्या आपणां लोकांस एक गोष्ट सहज आठवेल. सुमारे पावणेदोनशे वर्षे पोर्तुगीज अमलाखाली असलेले सिल्वासा २ ऑगस्ट १९५४ रोजी मुक्त झाले. त्या कामी आलेल्या स्वयंसेवकांत पुण्याकडील तरुण पुष्कळ होते. आदला दिवस, १ ऑगस्ट, हा लोकमान्यांच्या पुण्यतिथीचा. हा योगायोगच, परंतु दर वर्षी येथे मुक्तिदिनाची तयारी चालू असता आदल्या दिवसाचेही स्मरण व्हावे, असे मला वाटते.

१ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईस सरदारगृहात टिळकांनी देह ठेवला. १९०९ साली केलेल्या हिशेबाहून सुमारे वर्षभरच अधिक आयुष्य त्यांस मिळाले, आणि मोकळी वर्षे पाचांऐवजी सहा. मंडाल्यात असताना पुढे लिहावयाच्या ग्रंथांची एक यादी त्यांनी करून ठेवली होती. तीत हिंदुधर्माचा इतिहास होता, शिवचरित्र होते, कलनगणितावरील एक पुस्तक होते आणि शांकरदर्शनही होते. यांपैकी एकही ग्रंथ लिहून झाला नाही.